बिनआवाजाचा पाऊस

पहाटे तीनच्या सुमारास जाग आली आणि डोळे उघडण्यापूर्वीच कळले की बाहेर बर्फ पडतो आहे. कोकणात पाऊस आला की तो कौलांवर वाजून आपली वर्दी देतो. इथे कॅनडात, मॉन्ट्रियलमध्ये, बर्फाची वर्दी याच्या नेमकी उलट असते. पलीकडच्या हमरस्त्यावरची, रात्रभर कानांच्या सवयीची झालेली गाड्यांची घरघर थांबलेली असते आणि खोलीच्या छतावर फिकट गुलाबीसर उजेड पसरलेला असतो, कारण रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश जमिनीवरच्या बर्फावरून ढगांकडे आणि ढगांवरून पुन्हा खिडकीकडे परतत असतो. मी उठून खिडकीशी गेले. समोरच्या घराला बाहेरून बिलगलेल्या लोखंडी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर विटेएवढा थर साचला होता आणि दिव्याखालून मोठमोठे पुंजके सावकाश उतरत होते. चिपळूणला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. जेवणे उरकून आई पडवीत टेकली असेल, या हिशेबाने मी फोन लावला.

"काय गो, अजून जागी?" तिने विचारले आणि मी काही सांगण्याआधीच पुढचा प्रश्न आला, "पडतोय ना? किती पडला?"

आई बर्फाविषयी नेहमी असेच विचारते. बर्फ हा शब्द ती घेत नाही. पावसाबद्दल विचारावे तसे 'किती पडला', 'उघडला का', 'आज जोर आहे का' असे विचारते. सुरुवातीला मी तिला दर वेळी समजावत असे की आई, हे वेगळे असते, याचा पावसाशी काही संबंध नाही. माझ्या त्या समजावण्यातच चूक होती, हे लक्षात यायला मला तीन हिवाळे लागले.

अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत मी या शहरात आले. पहिले दोन हिवाळे मी दिवस मोजण्यात घालवले. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, आणि घरी परतताना रोज अंधार असला की दिवस कुणीतरी काढून घेतल्यासारखा वाटतो. शहराच्या पोटात भुयारी वाटांचे जवळजवळ ३० किलोमीटरचे जाळे आहे, त्यातून मेट्रो, कचेऱ्या आणि दुकाने एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे आकाश न बघता आठवडा काढता येतो, आणि मी तसे कित्येक आठवडे काढले. खिडक्यांना जाड पडदे लावले. कुणी भेटले की तापमान सांगायचे आणि मार्च किती लांब आहे हे सांगायचे, एवढेच बोलणे उरले होते. आनंद नव्हताच, पण त्याहून वाईट म्हणजे कुतूहलही नव्हते. वर्षाचे चार महिने मी जगण्यातून वजा करून टाकले होते, आणि हे कोणत्याही थंडीपेक्षा मोठे नुकसान होते असे मला आज वाटते.

हे बदलले ते एका फावड्यामुळे. आम्ही राहतो त्या भागात घरांचे जिने बाहेरून असतात, लोखंडी, अरुंद आणि बरेचदा वळणदार. दिसायला ते फार देखणे असतात, पण बर्फाच्या दिवसांत ते साफ ठेवणे हे वरच्या मजल्यावरच्या माणसाचे काम असते. आमच्या खाली एक मादाम राहतात, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. तिसऱ्या हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या बर्फात मी दार उघडून हताशपणे पायऱ्यांकडे बघत उभी होते, तेव्हा त्यांनी खालून आपले फावडे वर केले आणि म्हणाल्या, "हे घ्या, मा बेल. आणि थांबण्याची वाट पाहू नका. पडत असतानाच एकदा काढायचा आणि थांबल्यावर पुन्हा एकदा."

त्या दिवशी त्यांनी मला बर्फ काढायला शिकवले. फावडे भरून उचलायचे नाही, शक्य तेवढे ढकलायचे. उचलावे लागलेच तर अर्धेच भरायचे आणि गुडघ्यांत वाकायचे. वरच्या पायरीपासून सुरुवात करायची, म्हणजे पायाखाली मोकळी पायरी राहते. कडाका फार असला की मिठाचा उपयोग होत नाही, शिवाय मीठ लोखंड खाते, तेव्हा पायऱ्यांवर बारीक खडी टाकायची. फेकलेला बर्फ वाऱ्याच्या दिशेनेच फेकायचा, नाहीतर तो सगळा परत तोंडावर येतो. तासाभरात माझ्या पाठीला घाम सुटला होता आणि जॅकेटची चेन मी गळ्यापर्यंत उघडली होती. उणे बारा अंशांत अंगातून वाफ निघते आहे, हात गरम आहेत, श्वास खोल चालला आहे आणि वरपासून खालपर्यंत एक स्वच्छ, काळी, कोरडी वाट आपण स्वतः मोकळी केली आहे, हे पाहताना मला लावणीचे दिवस आठवले. आजोळी जुलैमध्ये घोट्यापर्यंत चिखलात वाकून दिवस काढल्यावर बांधावर उभे राहून मागे पाहिले की रोपांच्या ओळी दिसत, तेव्हा असेच वाटत असे. पाऊस तेव्हाही पडतच असायचा, पण तो अंगावर घेऊन काम करणारी माणसे त्याची तक्रार करत नसत.

त्या रात्री आईला हे सांगताना ती सहज म्हणाली, "मग तुमच्याकडे आगोट कधी करतात?" आगोट हा शब्द देशावरच्या वाचकांच्या कानांवरून कदाचित गेलेला नसेल. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी जी बेगमी चालते ती आगोट. लाकूडफाटा कोरडा ठेवायचा, कौले परतायची, आमसुले, सांडगे, पापड, सुकी मासळी भरून ठेवायची, गुरांसाठी पेंढा रचायचा. पुढचे चार महिने बाहेरचे जग बंद राहणार आहे, हे तिथे कुणी संकट म्हणून सांगत नाही. ते ऋतूचे वेळापत्रक असते आणि त्याची तयारी हा एक सोहळाच असतो. आईच्या प्रश्नाने मला उमगले की मी हिवाळ्यात दर वर्षी आगोट न करता शिरत होते, आणि मग चार महिने भिजत होते.

आता आमच्या घरी नोव्हेंबरात आगोट होते. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे टायर बदलणे हा तिचा पहिला विधी. लोकरीच्या टोप्या, ज्यांना इथे त्यूक म्हणतात, धुऊन टोपलीत येतात. फावडी दाराशी, खडीची बादली जिन्याखाली, बुटांसाठी उंबऱ्याशी पसरट तबक. कुळीथ, नाचणी आणि तांदळाची पिठी डब्यांत भरली जाते, कारण पिठले-भात आणि नाचणीचे आंबील यांच्याइतके बर्फाच्या संध्याकाळी मला दुसरे काही रुचत नाही. एवढे सगळे झाले की मग मी बर्फाची वाट पाहू लागते. वाट पाहणे हे क्रियापद मी बर्फाच्या बाबतीत वापरीन असे मला अकरा वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते, तर माझा विश्वास बसला नसता.

भाषेचीही एक अडचण होती. मराठीत फ्रीजमधला खडा बर्फ, गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी बर्फ, हिमालयाच्या शिखरावर असतो तोही बर्फ आणि माझ्या खिडकीबाहेर उतरतो तोही बर्फच. हिम म्हणावे तर ते बोलण्यात बसत नाही. ज्या गोष्टीला एकच नाव असते ती आपल्याला एकसारखीच दिसत राहते. पावसाचे आपल्याकडे तसे नाही. वळीव वेगळा, झड वेगळी, सर वेगळी, रिपरिप, पिरपिर, भुरभुर, संततधार या प्रत्येकीची तऱ्हा चिपळूणच्या पोराला दप्तराबरोबरच कळते. मी मग सरळ आईचीच रीत उचलली आणि पावसाचे शब्द बर्फाला लावू लागले, आणि जिथे ते पुरले नाहीत तिथे स्वयंपाकघरातले घेतले.

कडाक्याच्या थंडीत पडतो तो तांदळाची पिठी असतो, जात्यातून नुकताच पडल्यासारखा, कोरडा, मुठीत न राहणारा. त्यावरून चालले की बुटाखाली करकर असा आवाज येतो. उणे दहाच्या खाली तापमान गेले की तो स्पष्ट ऐकू येतो, कारण तेव्हा दाबाखाली कण घसरत नाहीत, ते मोडतात. आता आवाजावरून मला बाहेरच्या थंडीचा अंदाज येतो. शून्याच्या आसपास पडतो तो खवलेल्या ओल्या नारळाचा चव, मुठीत दाबला की त्याची मूद राहते. मादाम त्याला नेज कोलांत, म्हणजे चिकटणारा बर्फ म्हणतात आणि गल्लीतल्या मुलांना त्याचा वास आधीच लागतो, कारण बर्फाची माणसे त्याचीच होतात. वारा जमिनीवरचा पडलेला बर्फ उचलून रस्त्याच्या उंचीवरून सापासारखा सळसळत नेतो, त्याला इथे पूद्ररी म्हणतात, आणि त्याला मला मराठी शब्द अजून सापडलेला नाही. स्वच्छ आकाशातून, ढग नसताना, अगदी थंड सकाळी हवेतच चमचमणारे बारीक कण तरंगतात. ते पडत नाहीत, नुसते असतात. त्याला मी दहिवर म्हणते, शब्दकोशाला तो अर्थ मान्य असो वा नसो.

शब्द मिळाले की नजर जवळ जाते. एका शनिवारी जिन्याच्या कठड्याशी उभी असताना माझ्या काळ्या लोकरी कोटाच्या बाहीवर एक कण उतरला आणि तसाच राहिला. उणे पंधराच्या आसपास थंडी असेल, म्हणून तो वितळला नाही. करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा तो कण मी श्वास रोखून पाहिला. सहा हात होते आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे फुटलेले होते, फाट्यांना आणखी फाटे. श्रावणात चिऱ्याच्या गडग्यावर नेचे उगवतात, त्यांच्या पानासारखे. एका हाताचे टोक मोडले होते, बाकीचे पाच पूर्ण होते. मी श्वास सोडला आणि त्याचा एक थेंब झाला.

त्यानंतर मी या गोष्टीच्या मागे लागले. आमच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे गाव आहे. तिथल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक एकत्र जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या आयुष्यात त्याने पाच हजारांहून अधिक कणांची छायाचित्रे घेतली. या कणांना सहाच हात का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला प्रागमध्ये पडला होता आणि १६११ मध्ये त्याने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहून आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली. त्याचे उत्तर पाण्याच्या रेणूंच्या मांडणीत होते, ते षटकोनी जाळीत एकमेकांना धरतात, पण हे कळायला पुढची तीनशे वर्षे जावी लागली. आणि जपानच्या होक्काइडो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसावर प्रयोगशाळेत पहिला हिमकण वाढवला आणि दाखवून दिले की कणाचा आकार तो ज्या थंडीतून आणि ज्या ओलाव्यातून आला त्यावर ठरतो. उणे दोनच्या आसपास पातळ चकत्या, उणे पाचच्या आसपास सुया आणि उणे पंधराच्या आसपास, हवा पुरेशी दमट असेल तर, नेच्याच्या पानांचे तारे. म्हणजे माझ्या बाहीवर उतरलेला तो कण वर कुठेतरी उणे पंधराच्या ढगात वाढला होता. मला हे वाचून जेवढा आनंद झाला तेवढा अलीकडे फार थोड्या गोष्टींनी झाला आहे, आणि तेव्हापासून तो काळा कोट मी बदललेला नाही.

बर्फ थांबला की नगरपालिकेचे काम सुरू होते, आणि त्याची मी माझ्या लेकीसह वाट पाहते. मॉन्ट्रियलमध्ये वर्षाकाठी सरासरी २१० सेंटिमीटर बर्फ पडतो आणि रस्ते व पदपथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर साफ करावे लागतात. नारिंगी फलक लागतात, त्यांवर वेळ लिहिलेली असते. मग रात्री कधीतरी गाड्या ओढून नेणाऱ्या वाहनाचा भोंगा गल्लीतून फिरतो, आणि ज्याची गाडी रस्त्यात असेल तो घाईघाईने कोट चढवून धावत सुटतो. त्यामागून पदपथावरचे छोटे यंत्र येते, मग बर्फ रस्त्याच्या मधोमध रांगेत लोटणारी यंत्रे आणि शेवटी तो अजस्र फेक्या, जो ती रांग गिळतो आणि शेजारून त्याच वेगाने चालणाऱ्या ट्रकमध्ये कमानीने फेकतो. एक ट्रक भरला की तो पुढे सरतो आणि मागचा त्याची जागा घेतो, फेक्या एक क्षणही थांबत नाही. लेक खिडकीच्या काचेला नाक लावून ट्रक मोजते. शिमग्यात आमच्या आळीत पालखी येण्याआधी ढोल लांबून ऐकू यायचे आणि आम्ही अंगणात येऊन उभे राहायचो, त्याची मला दर वेळी आठवण होते. हा बर्फ मग शहरातल्या ठरावीक जागांवर जातो. सेंट-मिशेल भागातली फ्राँकों नावाची जुनी दगडाची खाण ही त्यातली सर्वांत मोठी. भर उन्हाळ्यातही तिथला काळवंडलेला डोंगर पूर्ण वितळलेला नसतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत चार दिवसांत दोन वादळे आली आणि ७० सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडला. तेव्हा मात्र पालखीला आमच्या गल्लीत यायला बरेच दिवस लागले. दोन्ही बाजूंना छातीइतक्या भिंती, मधून एका माणसाची वाट. समोरून कुणी आले की एकाने भिंतीत रेलून वाट द्यायची आणि हसून नमस्कार करायचा. अकरा वर्षांत ज्यांच्याशी कधी बोलले नव्हते अशा चार शेजाऱ्यांशी त्या आठवड्यात माझी ओळख झाली.

मी बर्फाचे कौतुक करते म्हणून त्याचा दुसरा चेहरा मला दिसत नाही असे नाही. १९९८ च्या जानेवारीत इथे सलग पाच दिवस गोठणारा पाऊस पडला, विजेचे मनोरे त्या वजनाने वाकले आणि क्वेबेकमधल्या सुमारे १४ लाख वीजजोडण्या बंद पडल्या. मादामनी तेव्हाचे दिवस एका शेकोटी असलेल्या घरात अकरा माणसांबरोबर काढले, हे त्या आजही आवाज खाली करून सांगतात. बेघर माणसांसाठी उणे पंचविसाची रात्र म्हणजे काय असते, ते मेट्रोच्या दाराशी दिसते. पण ज्या वाशिष्ठीच्या काठी मी वाढले, तिने २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या गावाचे काय केले हेही मी पाहिले आहे, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा आई पडवीत येऊन उभी राहिली होतीच. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याची ताकद ठाऊक असलेली बरी, असे तिचे वागणे असते.

एकदा मी आईसाठी एक हिशेब मांडला. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, दहा सेंटिमीटर बर्फ वितळला की साधारण एक सेंटिमीटर पाणी होते. म्हणजे आमचा अख्ख्या हिवाळ्याचा २१० सेंटिमीटर बर्फ हा २१ सेंटिमीटर पाऊस झाला. जुलैतल्या एखाद्या झोडपणाऱ्या दिवसात चिपळूणला जेवढे पडते तेवढेच पाणी इथे उतरायला चार महिने घेते. "मग हळूहळू पडतो म्हण की," आई म्हणाली. "मुरत असेल चांगला."

तो मुरतो हे मला माझ्या वाफ्याने शिकवले. शहराच्या सामुदायिक बागेत माझा एक छोटा तुकडा आहे. ऑक्टोबरात मी त्यात लसणाच्या पाकळ्या लावते आणि वर पेंढा पसरते. लसणाला ही थंडी हवीच असते. ती पुरेशी मिळाली नाही तर गड्ड्याला पाकळ्या पडत नाहीत, नुसता एककळी लसूण निघतो. पण उघडा कडाका त्याला सोसत नाही. वर हवेत उणे पंचवीस असताना अर्ध्या मीटर बर्फाखालची माती शून्याच्या जवळपासच राहते, कारण त्या बर्फात अडकलेली हवा उष्णता सोडत नाही. बागेतले जुने माळी जानेवारीत बर्फ नसला की चिंतेत पडतात, हे मला आधी विचित्र वाटायचे. आता मीही पडते. गेल्या वर्षी मी पदपथाशी साचलेला स्वच्छ बर्फ फावड्याने उचलून वाफ्यावर टाकला, गोधडी सारखी करावी तसा.

मार्चमध्ये रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस उबदार होऊ लागले की मेपलच्या झाडांतून रस वाहू लागतो, आणि आम्ही शहराबाहेरच्या एखाद्या साखरेच्या खोपीवर जातो. चाळीस लिटर रस आटला की एक लिटर पाक होतो. तो आणखी आटवून लाकडी द्रोणीतल्या स्वच्छ बर्फावर धारेने ओततात, तो क्षणात घट्ट होतो आणि काडीवर गुंडाळून खायचा. कराडजवळ मामांच्या गावी गुऱ्हाळात पाकाची परीक्षा थंड पाण्यात थेंब टाकून, गोळी वळते का ते पाहून करत. कढईवरचा तोच करपट-गोड वास, तीच वाफ, तीच कढईभोवती रेंगाळणारी पोरे. लेकीच्या तोंडाला पाक, हातमोज्यांना बर्फ, आणि तिला घरी यायचे नसते.

मागच्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाफ्यावर तळहाताएवढाच बर्फ उरला होता, वरून खडबडीत, कडेने काचेसारखा. त्याच्या मधोमध बोटभर रुंदीचे एक गोल भोक पडले होते आणि त्यातून लसणाचा पिवळसर हिरवा कोंब वर आला होता. मी गुडघ्यांवर बसून त्याचा फोटो काढला आणि आईला पाठवला. चिपळूणला रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तिचा लगेच फोन आला.

"पाणी घालू नको हो एवढ्यात," ती म्हणाली. "हा वितळेल ना, तेवढा पुरे आहे त्याला."